पोडाचं उत्तर

आमदाराच्या घराला दार असतं, पण ते लावायची वेळ येत नाही. यवतमाळला गुरुजींच्या घरी मी कॉलेजची सगळी वर्षं राहिले. आज त्या घराची आठवण काढली की सगळ्यात आधी कानात येतो तो ओसरीवर निघणाऱ्या चपलांचा आवाज. पहिली एसटी गावात शिरली की थोड्याच वेळात तो सुरू व्हायचा. कोणाच्या टायरच्या चपला, कोणाच्या रबरी, कोणी अनवाणीच येऊन पायरीवर पाय झटकायचं. मग खोकला, मग तंबाखू मळल्याची टाळी, आणि मग कोणीतरी दबक्या आवाजात विचारायचं, "साहेब उठले का?" आतून काकींचं, म्हणजे गुरुजींच्या बायकोचं, उत्तर ठरलेलं असे. "साहेब नाही, गुरुजी. उठले. आंघोळीले गेले. बसा, च्या येऊन राह्यला." स्टोव्हची भरभर, कपबश्यांची खणखण आणि काकींचा आवाज यांच्यावर ते घर दिवसभर चालत असे. दुपारी जरा शांतता झाली की मला उलट चुकल्यासारखं व्हायचं. पुस्तकातली ओळ डोक्यात शिरायची नाही.

गुरुजी म्हणजे आमचे आमदार. सगळा मतदारसंघ त्यांना गुरुजीच म्हणायचा, कारण राजकारणात येण्याआधी ते मुकुटबनच्या शाळेत मास्तर होते. माझे अब्बा, रज्जाकभाई, त्यांची जीप चालवत. अब्बांना बाराखडी गुरुजींनीच शिकवली होती. चौथीनंतर अब्बांची शाळा सुटली, पण गुरुजी सुटले नाहीत. गुरुजींनी नोकरी सोडून निवडणूक लढवली तेव्हा अब्बा एका मालकाचा ट्रॅक्टर चालवत होते. तो सोडून ते गुरुजींच्या भाड्याच्या जीपवर बसले आणि मग कधी उतरलेच नाहीत. मी मॅट्रिक झाले तो दिवस मला आठवतो. आमच्या अंगणात खाटेवर बसून गुरुजींनी विचारलं, "रज्जाक, पोरगी पास झाली. आता पुढं काय?" अब्बा म्हणाले, "पुढं काय गुरुजी, शिलाई मशीन घेऊन देतो." गुरुजी उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मशीन मंग घेजो. आधी तिचं सामान जीपमधी टाक." अम्मीनं डोळ्यांना पदर लावला. माझं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक गोधडी. अशी मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात गेले. पुढे शिक्षिका झाले, निवृत्त झाले, आता नातीला गृहपाठ शिकवते. पण ती पेटी जीपमध्ये टाकल्याचा आवाज झाला नसता, तर यातलं काहीच घडलं नसतं. हे मी रोज कोणाला सांगत नाही. आज लिहून ठेवते.

गुरुजींचा दरबार हा दरबार नव्हता, वर्ग होता. ओसरीवर सतरंज्या अंथरलेल्या असत. लांबून आलेला माणूस पुढच्या ओळीत बसे, गावातला मागच्या. एखादा गावपुढारी पांढऱ्या कपड्यात येऊन खुर्ची शोधू लागला की गुरुजी म्हणायचे, "तुमचं घर तं मारुतीच्या देवळामागं आहे ना? मंग मागं बसा. हे बाबा झरीकडून आले." झरी जामणी आता स्वतंत्र तालुका आहे. तेव्हा तिकडून यवतमाळला यायचं म्हणजे आधी रानातून पायी आणि मग दोन गाड्या बदलून. गुरुजी प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकत. मग योजना काय आहे, कोणत्या ऑफिसात जायचं, काय बोलायचं हे सगळं फळ्यावर शिकवल्यासारखं समजावून सांगत. आणि शेवटी हमखास विचारत, "समजलं?" कोणी काही बोललं नाही की स्वतःच म्हणत, "समजलं. चला, पुढचा." ही त्यांची जुनी सवय. वर्ग गप्प बसला म्हणजे वर्गाला कळलं. मी स्वतः पुढे कित्येक वर्षं वर्गात उभी राहिले, म्हणून या सवयीला हसत नाही. प्रत्येक मास्तरला ती असते.

काकींच्या स्वयंपाकघरात मी अभ्यास करत करत राबायला शिकले. सकाळी कांदेपोहे, दुपारी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. रात्री वरण-भात आणि वांग्याचं भरीत. पंगतीला कोण बसेल याचा नेम नसे. एखाद दिवशी तहसीलदार आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती झालेल्या रोग्याचा भाऊ शेजारी शेजारी बसत. काकी दोघांच्याही ताटात सारखीच चटणी वाढत आणि दोघांच्याही डोळ्यांतून सारखंच पाणी येई. मात्र खरा मेळा भरे तो हिवाळ्यात, नागपूरच्या अधिवेशनाला. मुंबईचं अधिवेशन म्हणजे आमच्या लोकांसाठी पेपरातली बातमी. नागपूरचं अधिवेशन म्हणजे घरचं कार्य. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट, पातेली, सतरंज्या असं सगळं जीपमध्ये भरून आम्ही नागपूरच्या आमदार निवासात जायचो. गुरुजींची खोली नावालाच त्यांची. मेडिकलला, तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, आलेले रोगी, बदलीसाठी आलेले मास्तर, नुसतंच नागपूर पाहायला आलेले म्हातारे, सगळे तिथं. कॉरिडॉरमध्ये धोतरं वाळत. शेजारच्या खोलीतले आमदार एकदा काकींना म्हणाले, "वहिनी, तुमच्या खोलीतून बाहेर पडायला वाट मागावी लागते." काकी म्हणाल्या, "तं कायले पडता बाहेर? जेवून जा."

माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. झरीकडे एका नाल्यावर तलाव व्हायचा होता. तो झाला की खालच्या गावांची वावरं ओलिताखाली येणार होती. त्या गावांनी गुरुजींना दोनदा निवडून दिलं होतं आणि तलाव हीच त्यांची मागणी होती. आमचंही नाल्याकाठी एक लहानसं कोरडवाहू वावर होतं. अब्बा गाडी चालवता चालवता त्या तलावाचं बोलत राहायचे. गहू पेरू, चना पेरू, अम्मीसाठी बांधावर लिंबाचं झाड लावू. पण तलाव जिथं व्हायचा तिथं वर एक पोड होतं. कोलाम आदिवासींच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. पाणी साचलं की पोड बुडणार. त्या लोकांना नाल्यापल्याड सपाट जागा आणि पक्की घरं द्यायची, असं सरकारनं ठरवलं होतं. गुरुजी म्हणाले, "आधी मी स्वतः जाऊन इचारतो. त्याशिवाय सभागृहात तोंड उघडनार नाही." आमदारानं पोडात जाऊन विचारायचं, हे तेव्हा आक्रीत होतं.

ईदसाठी अब्बा मला मुकुटबनला आमच्या घरी नेत होते आणि गुरुजी सोबत होते, म्हणून त्या दिवशी मीही पोडात गेले. सारवलेली स्वच्छ अंगणं, कुडाच्या भिंती, मोहाची मोठमोठी झाडं. पोडाचे नाईक म्हणजे प्रमुख, सोमा नाईक, उंच आणि कमी बोलणारे. त्यांची थोरली बहीण राजूबाई, हिचा आवाज मात्र साऱ्या पोडाला पुरे. तिनं आम्हाला बिनदुधाचा चहा दिला आणि भाजलेली मक्याची कणसं दिली. मग भाकरी आणि बरबटीची, म्हणजे चवळीच्या शेंगांची, भाजी खायला लावली. गुरुजींनी सगळं समजावून सांगितलं. तलाव कुठं, पाणी कुठवर, जागा कशी, घरं कशी. काडीनं मातीत नकाशा काढला. काहीही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "समजलं? कोनाचं काही म्हननं असंन तं सांगा." कोणी बोललं नाही. बायका मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या मातीतल्या नकाशाकडे पाहत राहिल्या. सोमा नाईक म्हणाले, "तुमी सांगतलं. आमी आयकलं." तेवढंच. निघताना राजूबाईनं माझ्या ओढणीत कणसं टाकली. जीपमध्ये गुरुजी फार आनंदात होते. "पाह्यलं रज्जाक? एका मानसानं हात वर नाही केला. सरळ सांगतलं तं लोक ऐकतेत." अब्बांनी त्या दिवशी घाटात हॉर्न वाजवत गाडी उतरवली. गाणं वाजवावं तसा.

अधिवेशन सुरू झालं आणि गुरुजी तलावावर बोलले. समोरच्या बाकावरच्या एकानं मध्येच विचारलं, "तिथं राहणाऱ्यांना विचारलं का?" गुरुजी म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मी स्वतः त्यांच्या अंगणात बसून विचारलं आहे. त्या लोकांची संमती आहे." बाकं वाजली. मंत्र्यांनी तिथंच मंजुरी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या गावांतून ट्रकभर माणसं हार घेऊन आली. त्याच सुमारास मंत्रिमंडळात नवे लोक घ्यायचे होते आणि गुरुजींचं नाव पक्कं आहे, असं जो तो सांगत होता. नंदूभाऊ नावाचे एक कार्यकर्ते होते, सगळ्यांच्या पुढे पुढे करणारे. ते काकींना म्हणाले, "काकी, आता मुंबईले बंगला. तिथं असे भाकरीचे ढीग नाही चालत." काकी म्हणाल्या, "मंग तुमी कोठी जेवसान?" सगळे हसले. नंदूभाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसले.

आणि त्याच दुपारी ते आले. सोमा नाईक, राजूबाई आणि पोडातली आणखी काही माणसं. आधी यवतमाळच्या घरी जाऊन, तिथून पत्ता विचारत नागपूरला. कॉरिडॉरच्या कडेला भिंतीला पाठ न लावता ओळीनं बसले. मी पाणी घेऊन गेले. राजूबाईनं मला ओळखलं, गालाला हात लावला, पण पाणी घेतलं नाही. "आधी उत्तर. मंग पानी," ती म्हणाली. मला काही कळलं नाही. काकींनी ताटं वाढली. त्यांनी ताटांना हात जोडले आणि तसेच बसून राहिले.

गुरुजी सभागृहातून आले ते दहा माणसांच्या घोळक्यात. पोडाची माणसं पाहून त्यांचा चेहरा फुलला. "अरे, नाईक! तुमीही आले? पोरी, मिठाई आन." सोमा नाईक उभे राहिले. "गुरुजी, उत्तर घेऊन आलो."

"कायचं उत्तर?"

"तुमी इचारलं होतं ना. पोड बसलं. चार रोज बोललो. नाल्यापल्याडची जागा पाहून आलो. जागा चांगली हाय, तुमी खोटं नाही सांगतलं." त्यांनी मागं बसलेल्या माणसांकडे पाहिलं. "पोड नाही म्हणते."

गुरुजींच्या गळ्यात अजून झेंडूचा हार होता. ते म्हणाले, "पन नाईक, त्या दिवशी तं कोनी काही बोललं नाही."

त्यावर राजूबाई पुढे झाली. तिला खरोखर नवल वाटलं होतं. "त्या दिवशी कसं बोलू? तुमी पावने होते. आमच्या घरी जेवले. पावन्याले अंगनात बसवून, जेवू घालून, तोंडावर नाही म्हन्तेत काय? आमच्यात इचारनाऱ्याच्या घरी जाऊन उत्तर देतेत. हो असलं तरी, नाही असलं तरी. म्हणून तं आलो. तुमचे घरं दोन निघाले, आमी काय करावं?"

ती पुढं म्हणाली, "घर आमी कोठीबी बांधू. पन मोहाची झाडं कोन उचलून नेईन? तुमी नेसान?" आणि मग तिनं माझ्या हातातला पाण्याचा तांब्या घेतला आणि वरून घटाघटा पाणी प्याली. उत्तर देऊन झालं होतं. त्यांच्या मनानं ते वेळेत आले होते. वेळ निघून गेली, हे आम्हाला माहीत होतं, त्यांना नाही.

नंदूभाऊंनी गुरुजींना खोलीत ओढलं. मी आणि काकी आतच होतो. "गुरुजी, मंजुरी झाली. विषय संपला. यायले जेवू घाला अन् गाडीत बसवून द्या. उद्या-परवा यादी लागून राह्यली. आत्ता 'मी चुकीचं बोललो' म्हणाले तं वरचे लोक काय म्हनतीन? मंत्री सोडा, पुढचं तिकीट जाईन." ते खोटं बोलत नव्हते. सगळं तसंच होतं. गुरुजींनी अब्बांकडे पाहिलं. अब्बा दाराशी उभे होते. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "गुरुजी, बोल दिया सो बोल दिया. आता पलटलं तं खालच्या गावात आपली गाडी कोनी शिरू देनार नाही." आणि ते बाहेर निघून गेले.

गुरुजी खाटेवर बसले. हार काढून उशाशी ठेवला. काकी भाजी चिरत होत्या. त्यांच्याकडे पाहून ते म्हणाले, "मी नीट इचारलं होतं. कोनी नाही म्हटलं नाही, तं मी हो समजलो. यात माझं काय चुकलं?"

काकी विळीवरून न उठता म्हणाल्या, "आपल्या लग्नात मले कोनी इचारलं होतं? मी बी गपच होती. तुमी हो समजले."

गुरुजींनी मान वर केली. "मंग तू काय... नाही म्हणत होती?"

"आता कायले इचारता एवढ्या वर्सांनी? भाजी करू द्या."

मी तोंडावर ओढणी धरली. गुरुजी आधी चिडले, मग हसले. तेवढ्या वेळात त्यांच्या आत काय घडलं ते मी सांगू शकणार नाही. मी एवढंच पाहिलं की ते उठले, बाहेर गेले, पोडाच्या माणसांच्या ओळीत खाली बसले आणि काकींना म्हणाले, "वाढ." आणि त्यांच्यासोबत जेवले. जेवताना कोणीही तलावाचं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला प्रेक्षक गॅलरीचे पास मिळाले. मी सोमा नाईक आणि राजूबाईच्या मध्ये बसले होते. विधानसभा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आता टीव्हीवर ती रोज दिसते आणि लोक चॅनल बदलतात. तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. ते उंच छत, खालचा गालिचा, वरच्या आसनावरचे अध्यक्ष, आणि एवढ्या मोठमोठ्या माणसांच्या गर्दीत आमचे गुरुजी, ज्यांच्या धोतराला मी आदल्या दिवशी इस्त्री केली होती. इथं बोललेला शब्द कायदा होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण शब्द उच्चारणारा माणूस त्याआधी पाण्याचा घोट घेतो आणि चष्मा पुसतो, हे पुस्तकात नव्हतं.

गुरुजींनी खुलासा करायची परवानगी मागितली. मग म्हणाले, "अध्यक्ष महाराज, परवा मी या सभागृहात सांगितलं की त्या पोडातल्या लोकांची संमती आहे. ती माहिती चुकीची होती. त्यांची संमती नाही."

खाली गलका झाला. पहिल्या बाकावरच्या एका मोठ्या नेत्यानं मागं वळून पाहिलं. समोरून कोणीतरी ओरडलं, "गुरुजी, मग काढा उठाबशा!" सगळं सभागृह हसलं. गुरुजीही थोडं हसले.

"काढतो. उठाबशा काढायला लावणाऱ्याला त्या काढता आल्या पाहिजेत. पण आधी माझं वाक्य दुरुस्त करून घ्या." हसू ओसरलं. ते पुढे म्हणाले, "मी शिक्षक आहे. वर्ग गप्प राहिला की वर्गाला पटलं, असं समजायची मला सवय. या सभागृहातही कोणी नाही म्हटलं नाही की ठराव मंजूर होतो. मी तीच रीत घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. त्यांनी मला जेवू घातलं आणि ते गप्प राहिले. ती संमती नव्हती, अध्यक्ष महाराज, तो पाहुणचार होता. त्यांचं उत्तर काल माझ्या दारात आलं. ते 'नाही' आहे. तलाव मलाही हवा आहे, पण त्यांच्या तोंडचा 'हो' मी परवा माझ्या तोंडानं म्हटला. तो मी परत घेतो."

राजूबाईनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणून राह्यले?"

मी तिच्या कानाशी म्हटलं, "तुमचं नाही सांगून राह्यले."

"आमचं? यायले?" तिनं खाली पसरलेल्या त्या सगळ्या माणसांवरून हात फिरवला. गॅलरीतला शिपाई आला आणि बोट ओठांवर ठेवून आम्हाला गप्प बसवून गेला. सोमा नाईक कठड्याला दोन्ही हात लावून खाली पाहत होते. त्यांच्या डोळ्यांची पापणी लवली नाही. मी पदवीसाठी राज्यशास्त्र घेतलं होतं. त्या विषयाचा खरा तास तोच झाला.

मंजुरी थांबली. मंत्र्यांची यादी लागली, तिच्यात गुरुजींचं नाव नव्हतं. त्या रात्री खोलीत सतरंज्या उरल्या आणि माणसं कमी पडली. पुढच्या निवडणुकीत ते हरले, आणि हरले ते आमच्याच बाजूच्या, नाल्याखालच्या गावांत. त्यानंतर एकदा निवडून आले, पण मंत्री कधीच झाले नाहीत. लोक म्हणतात, एका वाक्यानं त्यांनी स्वतःची कारकीर्द संपवली. मी जाणत्या वयात अनेक आमदार पाहिले. काही मोठे झाले, काही चांगलेही होते. पण स्वतःचं वाजलेलं बाक परत करणारा माणूस मी एकच पाहिला. त्यांच्या घरात राहून मी शिकले, हे माझं भाग्य. मी त्याला दुसरा शब्द शोधत नाही.

अधिवेशन संपल्यावर पोडाच्या माणसांना जीपमधूनच सोडायचं ठरलं, कारण ती माणसं आमच्यासाठी थांबली होती. सोमा नाईकांना गाडी लागते म्हणून गुरुजींनी त्यांना पुढे बसवलं आणि स्वतः मागं आमच्यात दाटीवाटीनं बसले. नागपूरपासून अब्बा एक शब्द बोलले नव्हते. पोडाच्या वाटेवर माणसं उतरली. राजूबाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मग गाडी खाली मुकुटबनकडे निघाली आणि नाल्याजवळ आमचं वावर आलं.

"रज्जाक, थांब जरा," गुरुजी म्हणाले.

दोघं खाली उतरले. मी गाडीतच राहिले. तूर फुलावर होती. कापसाची बोंडं लहान राहिली होती, पानं लाल पडली होती. गुरुजी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहिले. "तुया वावराचं पानी मी घालवलं."

अब्बांनी बोनेटवरची धूळ खांद्यावरच्या रुमालानं झटकली. "कोनाकोनाले सांगत फिरसान? अख्ख्या नाल्याचं घालवलं."

"हो. सगळ्याइले सांगाच लागंन. पयले तुले सांगतो."

"तसं पाह्यलं तं," अब्बा म्हणाले, आणि त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मला त्यांचा वाटला, "मले तरी कोनी कवा इचारलं? मी तुमची गाडी हाकतो म्हनजे माह्यं हो धरलंच."

गुरुजींनी चष्मा काढला. "बरं. आता इचारतो. तुले तलाव पायजे का, रज्जाक?"

अब्बा बोलले नाहीत. ते तुरीच्या ओळीत चार पावलं आत गेले, एक फांदी हातात घेऊन सोडली, वर पोडाच्या दिशेनं पाहिलं, मग खाली आमच्या जमिनीकडे. पुन्हा वर पाहिलं. उन्हं कलली होती आणि अजून गावात खोळंबलेल्या माणसांना भेटायचं होतं. तरी गुरुजींनी "समजलं" म्हटलं नाही. ते बोनेटला टेकून उभे राहिले आणि त्यांनी वाट पाहिली. मी इतका वेळ त्यांना कोणाची वाट पाहताना कधी पाहिलं नव्हतं. मास्तर वर्गाची पाहत नाही, आमदार मतदाराची पाहत नाही, मालक ड्रायव्हरची तर नाहीच.

अब्बा परत आले. त्यांच्या पायजम्याला तुरीची पिवळी फुलं चिकटली होती.

"पायजे," ते म्हणाले. "पन कोनाच्या चुलीवरून येनारं पानी नको."